लॉर्डन घ्या, असं मी सांगायचो

बे सिटी, मिशिगन
९ मार्च १९८७

प्रिय लेनी,

आम्ही ठीक आहोत. आईचा खोकला उतरला. ईस्टरआधीचे उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तुझ्या वहिनीने, ॲर्लीनने, जॅम भरलेल्या गोड पौंचकी तळल्या, खुर्चीवर बसून. फार वेळ उभं राहणं तिला आता जमत नाही. तुझ्यासाठी डबाभर बाजूला काढल्या होत्या. तू आला नाहीस.

गॅरेजमध्ये काम भरपूर आहे. गिऱ्हाइकांचा प्रश्न तोच, "चेस्टर, कोणती गाडी घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं. ब्रॅनफर्डचं इंजिन मरत नाही, पण गिअरबॉक्स साठ हजार मैलांत रडायला लागतो. कॉलियर देखणी, पण थंडीत सकाळी चालू होईल याची खात्री नाही. लॉर्डन घ्या. साधी आहे, पण दगा देत नाही. माझा भाऊ त्यांच्या कारखान्यात ब्रेक तपासतो, हेही वर सांगायचो. अभिमानाने.

गेल्या मंगळवारी शाळेची बस चालवणारी ग्लॅडिस नोवाक तिची लॉर्डन घेऊन आली. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिने ती जुनी विकत घेतली होती. कोणाकडून, तर तुझ्या डोरिसकडून. "म्हणजे घरचीच गाडी," मी हसून म्हणालो आणि ती वर उचलली.

पेट्रोलच्या टाकीमागचा झाकणपत्रा कधी कोणी काढत नाही. त्या दिवशी तो सैल होता म्हणून काढला. आत ब्रेकच्या नळ्या तांब्याच्या, हाताने वाकवून बसवलेल्या. तुझं काम मी ओळखतो; नळी वाकवायला मीच शिकवलं तुला. मग अंगणातल्या आणखी चार लॉर्डनचे पत्रे काढले. सगळ्यांना कारखान्यातल्या लोखंडी नळ्या. बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने कुजलेल्या. एक तर बोटाने मोडली.

ॲर्लीनच्या लॉर्डनचा अपघात पंच्याऐंशीच्या जानेवारीत झाला. डोरिसची गाडी तू त्याआधीच दुरुस्त केली होतीस.

अपघाताच्या जागी तू माझ्या आधी पोचलास. म्हणालास, "गाडी मी भंगारात देतो. तू बघू नकोस, उगाच त्रास होईल." मी तुझे आभार मानले, लेनी.

ॲर्लीन इस्पितळात सांगत होती, "ब्रेकवरचा पाय पार खाली गेला, काही लागलंच नाही." मी म्हणालो, "घाबरलीस, उशिरा दाबलास." दोन वर्षं मी हेच म्हणत आलो. चारचौघांत, थट्टेतसुद्धा. तिने गाडी चालवणं सोडून दिलं.

परवा तिला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "लेनीला नोकरी सांभाळायची होती. तुला काय झालं होतं?"



माझ्या शब्दावर लॉर्डन घेतलेल्या एकेकाला फोन करून बोलावतो आहे. ती मोडलेली नळी आणि फोटो सरकारच्या वाहन सुरक्षा खात्याकडे पाठवतो आहे. सोबतच्या अर्जात तुझं नाव आहे. नळ्या कुजतात हे तुला कोणत्या साली कळलं, तेवढी जागा रिकामी ठेवली आहे. शुक्रवारपर्यंत येऊन भर. नाही आलास तर तशीच पाठवीन.

आईला अजून काही माहीत नाही. तिला तू सांगायचं आहेस.

चेस्टर डेम्बिन्स्की
मेकॅनिक