परस्थानाची पिशवी

माय, तुला जाऊन किती वर्षं झाली ते माझ्या ध्यानात आहे, तुझ्या असेल असं वाटत नाही. चार थोरल्या लेकींची नावं घेतल्याशिवाय माझं नाव तुझ्या तोंडी कधी आलं नाही. म्हणून आधीच सांगते, मी तुझी धाकटी, बिलोलीहून लातूरला दिलेली. मला अक्षर येत नाही. मी बोलून राहिले, सून लिहून राहिली आणि मधेच डोळे वटारून बघते.

मला सासरी धाडताना तू माझं परस्थान ठेवलं होतंस. जायच्या आधीच्या चांगल्या दिवशी जाणाराचं एक गाठोडं शेजारी नेऊन ठेवायचं, म्हणजे पाऊल निघालं असं धरायचं. निघताना ते उचलायचं तू साफ विसरलीस. माझी लुगडी त्यातच राहिली. मी सासूचं लुगडं नेसून वावरायची, आणि सासू येणाराजाणाराला सांगायची, "अर्धीच सून आली, अर्धी बिलोलीला हाय."

आता माझी नात निघाली. तीन वर्षं नांदेडात शिकली, पुढची दोन परदेशातल्या विद्यापीठात शिकायची, शेवटी दोन्हीकडच्या पदव्या मिळायच्या, त्यातली एक इंजिनिअरची. मी म्हटलं, "दोन दोन कशाला गं? एक मला दे." हसली. मग विचारलं, "अन् तिकडं न्हाई जमलं तर?" तिचं हसू गेलं. "आज्जी, तिकडचं पुरं झाल्याबिगर इथले पदवी देत न्हाईत. अन् इथं पास झालेले विषय तिकडच्यांनी धरले न्हाईत, तर तिथंबी पुढचा वर्ग न्हाई."

"म्हंजे दोन्ही गेल्या?"

"हाव."

म्हणजे पोरच दोन घरांच्या मधे ठेवलेली. तरी मला शहाणपण सुचलंच. गुरुवार चांगला निघाला, तर हाताला लागली ती पिशवी मी शेजारणीकडं पोचवली. निघायच्या सकाळी आम्ही बघतो तर तिच्या दाराला कुलूप. ती जीपनं किल्लारीला लेकीकडं गेलेली, आणि पिशवीत नातीच्या गुणपत्रिका, पासपोर्ट, सगळं. मला कागदातलं काय कळतं! लेकानं फोन लावला तर शेजारीण ओरडली, "फोडा की! कुलूप माझं हाय, पोरगी आपली हाय." लेकानं दगड घालून कुलूप फोडलं, गाडी मिळाली. मला कुणी रागावलंसुद्धा नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. दगडाचा तो आवाज अजून छातीत बसलाय.

ती पोचली, वर्गात बसते, पण विषय धरले की नाही ते अजून कळलं नाही. फोन वाजला की मी न्हाणीत जाऊन बसते. सून म्हणते, "आत्याबाई, दिवसाच्या किती आंघोळी?" माय, माझं गाठोडं तू खरंच विसरलीस, का माझं काहीतरी घरी राहावं म्हणून ठेवून घेतलंस? हे विचारायचं मला या वयात सुचतंय.

तुझ्याकडं टपाल जात नाही, तेव्हा हे पत्र इथंच राहील. सून विचारून राहिली, पोरीला लाडू पाठवू का? लाडू नको म्हणावं. लवंगी मिरचीचा ठेचा पाठव. डोळ्यांत पाणी आलं तर तिला मिरचीवर ढकलता येईल. ती गेल्यापासून मीही तेच करते. भरणी काठोकाठ भर बाई, माझ्यापुरता वाटीभर तेवढा मागं ठेव.