कोणता प्रायमर चांगला

३ सप्टेंबर, बुधवार
कोरीनच्या वडिलांनी मला शिकारीच्या तळावर बोलावलं! ऑस्टबी कुटुंबाचा तळ. चाळीस वर्षांत तिथे घराबाहेरचं कोणी गेलेलं नाही, गेले ते फक्त जावई. अर्थ उघड आहे. तिसऱ्या दिवशी तिचे वडील व्हर्लिन ऑस्टबी जेवून खूश असतील, तेव्हा कोरीनला मागणी घालायची. ठरलं.
अट एकच. १८ ऑक्टोबरला त्यांच्या कुरणात दोनशे यार्डांवर कागदी प्लेट लावतात. तीन गोळ्या, तिन्ही प्लेटमध्ये. एल्क हरीण घोड्याएवढं असलं तरी मर्माची जागा प्लेटएवढीच. ज्याला प्लेट साधत नाही तो जनावर नुसतं जखमी करून पळवणार. म्हणून त्यानं बंदूक घरी ठेवायची आणि तळावर बटाटे सोलायचे. थोरला जावई डेल दोन वर्षं सोलतोय. मी डेल होणार नाही.
गोळ्या जमिनीवर बसून मारायच्या, टेकू न घेता. ही किरकोळ बाब.

५ सप्टेंबर, शुक्रवार
काडतुसं मी घरीच भरतो. पुंगळ्या, दारू, गोळ्या हे सगळं पक्कं आहे. प्रश्न प्रायमरचा. पुंगळीच्या बुडात बसणारी ही मसुराएवढी टिकली. तिच्यावर टोला बसला की ठिणगी उडते आणि दारू पेटते. ठिणगी दर वेळी सारखी नसेल तर बाकी सगळं व्यर्थ.
चार कंपन्यांचा एकेक डबा आणला, प्रत्येकात शंभर. कंपन्यांची नावं लिहीत नाही. उद्या ही वही कोणाच्या हाती पडली तर पक्षपाताचा आरोप नको. निळा, लाल, पांढरा, हिरवा.
नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दारू तीनदा तोलायची. वीस काडतुसं भरायला चार तास लागले. आई म्हणाली, एवढ्या वेळात तुझ्या आजोबांनी एल्क मारून, सोलून, फ्रीजरमध्ये टाकला असता. आजोबांच्या काळी गोळीचा वेग मोजणारं यंत्र नव्हतं, हे तिला समजावलं.

७ सप्टेंबर, रविवार
नेमबाजीच्या रेंजवर पहिली फेरी. टेबल, वाळूच्या पिशव्या, पुढे वेगमापक. प्रत्येक रंगाच्या पाच गोळ्या.
निळा बरा. लाल बरा. पांढरा बरा. हिरवा बरा. निष्कर्ष नाही. वारा होता.
शेजारच्या टेबलावर क्वामीबाई होत्या. मी अकरावीत शाळा सोडली तोपर्यंत त्यांनीच मला शुद्धलेखन शिकवलं. काय चाललंय विचारलं म्हणून सगळं सांगितलं. पंचवीस मिनिटं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, लाइल, दुकानात जो डबा पुढे असेल तो मी पन्नास वर्षं आणतेय. आणि काय रे, त्या टेबलावरून खाली कधी उतरणार?
म्हटलं, आकडे पूर्ण झाले की. बाईंचं अक्षर सुंदर, पण विज्ञान कच्चं.

१४ सप्टेंबर, रविवार
दुसरी फेरी. पांढरा किंचित पुढे. किंचित म्हणजे नखाच्या जाडीएवढा.
संकल्प: उद्यापासून रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं बसून नेम धरायचा सराव, रिकाम्या बंदुकीनं. सातत्य महत्त्वाचं. (‘सातत्य’ कोशात पाहून लिहिलं.)

१५ सप्टेंबर
गव्हाचे ट्रक रांगेत उभे. धान्यकोठारावर वजनकाटा मी सांभाळतो, सोडून कसा येणार? सराव उद्या.

१६ सप्टेंबर
कुरणात बसलो. निवडुंगावर.
सराव तहकूब.

१७ सप्टेंबर
जेवणही उभ्यानंच.

२१ सप्टेंबर, रविवार
तिसरी फेरी. कोरीन सोबत होती, गाडीत बसून शब्दकोडं सोडवत. मधेच काच खाली करून म्हणाली, अरे, लालच्या आधी तू कॉफी प्यायलास, निळ्याच्या आधी नाही. ही तुझी एकच गोष्ट बदलणं होय?
हसत होती, पण मुद्दा बिनतोड. तीन आठवड्यांचे आकडे पाण्यात! लगेच नवा नियम: प्रत्येक रंगाआधी बरोबर एक कप कॉफी. लगेच पूर्ण फेरी पुन्हा.
निळा उत्तम. लाल चांगला. पांढरा ठीक. हिरव्याच्या वेळी हात असे थरथरत होते की एक गोळी शेजारच्या कागदावर गेली.
हिरवा बाद. इतका बेभरवशाचा प्रायमर बाजारात विकू देतात कसा?

२८ सप्टेंबर, रविवार
तीन रंगांची मोठी फेरी, कॉफी वर्ज्य. पाच-पाच गोळ्या, पुन्हा पुन्हा, अंधार पडायच्या आत संपवलं. खांदा काळानिळा. पण निकाल लागला.
पांढरा! पाच गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. एकदाच, पण झाकली गेली.
कोरीनला फोन केला. ती म्हणाली, छान. मग म्हणाली, बसून किती मारल्यास? मी म्हटलं, बसणं हा पुढचा टप्पा. ती म्हणाली, लाइल, प्लेट कुरणात असणार आहे, टेबल नसणार आहे. तिला घाई फार.

२९ सप्टेंबर
कोठारावर येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला पांढऱ्याबद्दल सांगितलं. आकडे छापून दिले. ज्ञान लपवून ठेवू नये.

२ ऑक्टोबर, गुरुवार
दुकानात पांढरा नाही. एकही डबा नाही. दुकानदार म्हणाला, तूच गावभर डांगोरा पिटलास, तीन दिवसांत रिकामं केलं लोकांनी. नवा माल नाताळानंतर. निळे हवेत का, निळे ढीगभर आहेत.
निळे! चार आठवडे मी काय गवत उपटत होतो?
घरी येऊन मोजले. शंभरातले नव्वद चाचणीत गेले. तीन गालिच्यात हरवलेत, टोला बसून उडतील म्हणून आई व्हॅक्यूम लावत नाही. उरले सात.
तीन प्लेटला, चार एल्कला. काटेकोर पण पुरेसे.

१२ ऑक्टोबर, रविवार
बसून सराव करायला निघालो होतो. दारातच लक्षात आलं, पांढऱ्यानं सराव केला तर तळावर काय नेणार? आणि निळ्यानं केला तर ती वेगळी चाचणी झाली. म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या सराव करता येत नाही. परत आलो. मन शांत आहे.
सात काडतुसं भरली. दारू पाचदा तोलली.

१८ ऑक्टोबर, शनिवार
झालं ते क्रमानं लिहितो.
ऑस्टबींचं सगळं कुटुंब घडीच्या खुर्च्या टाकून बसलेलं. मांस-बटाट्याचं भांडं फिरत होतं. आधी डेल बसला. तीन गोळ्या, तीन भोकं. उन्हाळाभर रोज कामावरून आल्यावर कुंपणापाशी बसायचा म्हणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.
मग मी. गवत ओलं. टाचा घसरत होत्या. कोपर गुडघ्यावर टेकवावं तर गुडघा हले, गुडघा आवळावा तर श्वास अडके. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून प्लेट दिसली. मग गाय दिसली, खूप लांब डावीकडे. मग पुन्हा प्लेट.
पहिली गोळी कुठे गेली माहीत नाही. दुसरी मातीत. तिसरी कुंपणाच्या खांबाला. व्हर्लिन म्हणाले, खांब जुनाच होता.
मी म्हटलं, प्रायमरच्या या घाण्यात दोष असावा. व्हर्लिन न्यायी माणूस. म्हणाले, असेलही. मग हाक मारली, कोरीन, ह्याची बंदूक घे, ह्याचीच काडतुसं घे, बघ जरा.
कोरीननं खुर्चीशेजारी थाळी ठेवली, हात जीन्सला पुसले, बसली. तीन गोळ्या. तिन्ही प्लेटमध्ये, बशीएवढ्या जागेत.
म्हणजे माझा निष्कर्ष बरोबर होता. पांढराच चांगला.
हे मी मोठ्यानं बोललो. डेलनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि एप्रन दिलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार. तळ
शिकारीचा मोसम सुरू झाला. सगळे पहाटे डोंगरात. मी स्टोव्हपाशी. बटाटे.

२६ ऑक्टोबर
बटाटे. कांदेही. डेल जाताना म्हणाला, जाड सोलतोस, सासऱ्यांना चालत नाही. मी म्हटलं, सासरे तुझे, माझे कुठे. तो विचित्र नजरेनं बघत राहिला.

२७ ऑक्टोबर, सोमवार
तिसरा दिवस. कोरीननं सकाळीच एल्क पाडला, एका गोळीत. दुपारी व्हर्लिन खाटेवर टेकून रस्सा पीत होते, खूश होते. ठरवल्याप्रमाणे जायचं तर आता काय तोंडानं? तरी गेलो. एप्रन घालूनच. म्हटलं, प्लेट मला साधली नाही हे मान्य आहे, पुढच्या वर्षी साधेल, तोवर कोरीनबद्दल विचारायला मला हक्क नाही, पण...
त्यांनी चमचा थांबवला. म्हणाले, प्लेटचा आणि तिचा काय संबंध रे पोरा? प्लेट एल्कसाठी. लग्न करीन तर लाइलशीच, असं ती जुलैतच सांगून बसलीय. म्हणून तर तुला बोलावलं. तुला ती काही बोलली नाही?
बाहेर येऊन कोरीनला विचारलं. ती सुरी धूत होती. म्हणाली, सांगणार होते, पण दर रविवारी तू इतका खूश दिसायचास.
संध्याकाळचे बटाटे सोलून झाले. एकोणीस. मोजायला कोणी सांगितलं नव्हतं.