झाकणाखालचं प्रभुभोजन

मास्तर, आज तुम्ही असता तर चर्चमध्येच आडवे झाला असता, आणि तोंडावर पाणी मारायची पाळी माझ्यावर आली असती. पाढे चुकल्यावर खाल्लेल्या छड्यांची भरपाई मी तिथंच करून घेतली असती, जरा जोरातच मारून. ह्यांच्या रेल्वेच्या नोकरीपायी झाशीला आले, हे गेले तरी इथंच राहिले. गाणी हिंदीत, ते चालतं. ड्रम बडवतात, तेही कानात पदर कोंबून सोसते. पण आज पाळकच नाही! पाळक दिल्लीला, इथं नुसता पडद्यावर, म्हणजे भिंतीला टांगलेल्या चादरीवर. आम्ही चादरीला 'आमेन' म्हटलं. मग टोपली फिरली. प्रत्येकाला प्लास्टिकचा इवलासा कप, वर चकचकीत झाकण. त्यात वरच्या कप्प्यात भाकर, खाली द्राक्षरस. पडदा म्हणाला, "खोलिए." चर्रर्र! सगळ्यांनी आपापला प्रभू आपणच फाडला. मास्तर, कुणी काही विचारलंच नाही हो!

तुम्ही विचारायचात. रविवारी आपल्या गावच्या शाळेच्याच खोलीत तरट टाकलेलं, कुणाच्या तरी घरची भाकरी, मनुका भिजवलेलं पाणी एका पेल्यात. आणि भाकरी हातात धरून तुम्ही उभे. "कुणाचं कुणाशी वाकडं आहे?" माझी आई आणि कुंभारीण, दोघी एका कोंबडीवरून महिनाभर अबोल. तुम्ही थांबलाय. पोरं रडतायत, माश्या घोंगावतायत. मागून कुणीतरी म्हणतं, "मास्तर, भाकर वाळली." "वाळू दे. पहिली मंडळी घराघरांत बसून एकाच भाकरीतून खायची. तोंड फिरवून कोण खात होतं तिथं?" शेवटी आई फणकारून उठली, "जा गं बाई, कोंबडी तुझीच!" तेव्हा कुठं भाकरी मोडलीत. पहिला तुकडा विधवांना. मला तेव्हा राग यायचा, पापुद्र्याचा तुकडा म्हातारीलाच का म्हणून. आता मीच म्हातारी, तर पापुद्राच उरला नाही.

म्हणून आज माझा हात झाकणावरच राहिला. पुढच्या बाकावर माझी शेजारीण. ईस्टरला मी तिचं नाव 'लाउडस्पीकर' ठेवलं, सगळ्या गल्लीत हशा झाला, तेव्हापासून ती बोलत नाही. तिनं झाकण फाडलं, प्यायली, मोकळी झाली. मी कप पदरात लपवला आणि चर्च सुटल्यावर थेट तिचं दार वाजवलं.

"काए जिज्जी, अब का नाम धर दओ?"

"नाम नहीं धरा. ये खोल दे, मेरे नाखून नहीं चलते. और माफ़ कर दे, बाई."

ती हसली, तीन घरांना ऐकू गेलं. दातानं झाकण ओढलं, निम्मा रस माझ्या साडीवर. आतली चकती सदऱ्याच्या गुंडीएवढी. ती आम्ही दोघींनी मोडली. "जो तो कागज आय," हा तर कागदच, म्हणत ती उठली, तव्यावरची गरम रोटी घेऊन आली, मोडली, आणि पहिला तुकडा मला दिला. विधवा म्हणून नव्हे, जवळ बसले होते म्हणून.

तुम्ही तर देवाघरी, हे पत्र टाकू कुठं? बायबलात ठेवते. एक सांगते, छडी शोधू नका: रोटी खाताना ती बोलत सुटली ना, तेव्हाही मनातल्या मनात मी तिला लाउडस्पीकरच म्हणत होते.