एकदा वितळलेले सोने

राजाजीनगर, बंगळूर
८ जानेवारी १९६२

ती. अण्णास,
शालनचा सा. न. वि. वि.

तुझ्या कॅम्पवरून आलेल्या दगडाच्या पुडीची तपासणी पुरी झाली. टनाला एकेचाळीस ग्रॅम सोने. साहेबांकडून तुला रीतसर कळेलच, पण आकडा मी स्वतः काढला आहे आणि दोनदा काढला आहे. साहेबांनी तो कागद प्रयोगशाळेच्या सगळ्या खोल्यांतून फिरवला. आमचे वडीलधारे रसायनतज्ज्ञ मल्हारराव म्हणाले की तुझ्या भावाला सांग, आता पेढ्यांवर भागणार नाही.

आत्याने ऐकताच देवापुढे साखर ठेवली आणि शेजारच्या गंगव्वांना सांगून आली. म्हणजे राजाजीनगरात आता कुणाला सांगायचे राहिलेले नाही.

एक विचारायचे आहे. उरलेली पूड मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. हे दगड तू कशात कुटलेस? बोअरचे यंत्र कॅम्पवर पोचण्याआधी मला उत्तर हवे.

थंडीत कानाला रुमाल बांधत जा. तू बांधणार नाहीस हे माहीत आहे, तरी लिहिते. लोभ आहेच, तो तसाच असू दे.

तुझी,
शालन

कॅम्प, गदगजवळ
१३ जानेवारी १९६२

चि. शालन हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र मी जेवता जेवता वाचले आणि भाकरी तशीच टाकून टेकडीवर जाऊन आलो. एकेचाळीस! चार वर्षे मी सांगतो आहे की या डोंगरात सोने आहे, आणि चार वर्षे लोक मला सोन्याचे स्वप्न पाहणारा म्हणून हसताहेत. आता हसा म्हणावे.

यंत्र पुढच्या महिन्यात येते. एकच बोअर मंजूर आहे. त्यात काही निघाले नाही तर यंत्र दुसऱ्या जिल्ह्यात, कॅम्प बंद आणि मी चुनखडी मोजायला. पण आता ती भीती नाही. पांढऱ्याशुभ्र गारेच्या दगडाची शीर आहे, तिच्याच खाली बोअर घेतो.

तुझा प्रश्न मात्र अगदी तुझ्यासारखा. बहिणी आनंदाने मिठाई वाटतात, ही विचारते कशात कुटले! टपालाचे वजन वाचावे म्हणून दगड आम्ही इथेच कुटून पाठवतो, हे तुला ठाऊक आहे. आमचा लोखंडी खल तडकला, म्हणून गावातल्या गुंडो सोनाराचा आणला. तो त्यात सोने वितळवायच्या जुन्या फुटक्या मुशी कुटतो. खल मी स्वतः घासून घेतला. झाले समाधान?

आत्याला नमस्कार सांग. तब्येतीला जप आणि या वेड्या भावावर माया ठेव.

तुझा,
अण्णा

राजाजीनगर, बंगळूर
१७ जानेवारी १९६२

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.

समाधान झाले नाही. पुडीतले सोन्याचे कण राजगिऱ्याच्या दाण्यासारखे गोल आहेत. दगडातले सोने वेडेवाकडे असते, त्याला कडा असतात. थेंबासारखे गोल झालेले सोने एकदा वितळलेले असते. शिवाय त्यात तांबे आहे. हे सोने गुंडोच्या मुशींतले आहे. लोखंडाच्या खळग्यांत ते बसते आणि घासून जात नाही.

डोंगरात सोने नाही असे मी म्हणत नाही. या पुडीवरून ते कळत नाही, एवढेच म्हणते. गारेचे अख्खे तुकडे पाठव. गारेला लागून जो हिरवट दगड आहे त्याचेही पाठव. तो मूळचा लाव्हा, जमिनीतल्या ओढाताणीत चिरडून पापुद्र्यांचा झालेला. असल्या चिरडलेल्या दगडातून सोने घेऊन खालचे गरम पाणी वर यायला वाट मिळते. तू त्याचा एकही नमुना घेतलेला नाहीस. हे तुकडे मी तपासणार नाही, मल्हाररावांकडे देईन.

साहेबांना तू स्वतः लिही. मी अजून कुणाला बोललेले नाही. पण यंत्र चालू होण्याआधी तुझे पत्र आले नाही, तर मी सांगेन. हे आधी तुला कळवायला हवे म्हणून कळवते.

आत्याने शेंगदाण्याची चटणी पाठवली आहे. राग आला तरी चटणी परत करू नकोस.

तुझी,
शालन

कॅम्प
२२ जानेवारी १९६२

चि. शालन हीस,
अ. आ.

दुसऱ्या कुणी हे लिहिले असते तर पत्र चुलीत गेले असते. तो हिरवट दगड हातात घेतला तर भुगा होतो, आणि त्यासाठी मी गारेची शीर सोडू?

लहानपणापासून पाहतो, तुला कधी काही हवेसे वाटतच नाही. काट्यावरचा आकडा वाचायचा आणि मोकळे व्हायचे. माझ्या दगडांना हात लावायचीसुद्धा आता तयारी नाही, ते मल्हाररावांकडे! तुकडे पाठवतो आहे. साहेबांना काय लिहायचे ते माझे मी बघेन.

चटणी पोचली.

अण्णा

राजाजीनगर, बंगळूर
२९ जानेवारी १९६२

चि. उमाकांत यास,
कस्तुराबाईचे अनेक आशीर्वाद. बाळा, खुशाल असशील.

तू शालनला काय लिहिलेस? पाणी मोजून भात लावणारी पोरगी, परवा भात करपवला आणि मुकाट्याने तोच जेवली. विचारले तर म्हणते, काही नाही आत्या. तिचे काही नाही म्हणजे पुष्कळ असते. मी म्हटले, अण्णाशी भांडलीस होय? तर म्हणाली, त्याची चार वर्षे एका बोअरवर पणाला लागली आहेत. मग भांडतेस कशाला, म्हटले. म्हणाली, म्हणूनच.

मला तुमचे दगड कळत नाहीत. पण तुम्हा दोघांना एका ताटात जेवू घालून वाढवले आहे, तेवढे कळते. तू थोरला आहेस, स्वल्प नमते घे. मग सगळे सरी होईल, नीट होईल. चटणीचा डबा परत पाठव, गंगव्वांचा आहे.

या म्हातारीची आठवण ठेवून असावे.

आत्या

कॅम्प
११ फेब्रुवारी १९६२

चि. शालन हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आत्याचे पत्र वाचून त्याच दिवशी साहेबांना लिहिले. काही झाकले नाही. त्यांची तार आली, बोअर थांबवा. मागून जे पत्र आले ते तुला वाचून दाखवण्यासारखे नाही. पण शेवटी मल्हाररावांचा आकडा होता: गारेत काही नाही, हिरव्या दगडात टनाला सहा ग्रॅम. एकेचाळीसचे सहा झाले, पण हे सहा डोंगराचे आहेत. साहेबांनी बोअर हिरव्या पट्ट्याखाली हलवायची परवानगी दिली. खाली हा पट्टा विरून गेला तर संपले.

गुंडोला सगळे सांगितले. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, डोंगरात माझेच सोने निघाले असेल तर अर्धा डोंगर माझ्या नावाने करा.

तुला कधी काही हवेसे वाटत नाही, हे मागच्या पत्रातले वाक्य लिहायला नको होते. डबा पाठवला आहे. माया कमी करू नकोस.

तुझा,
अण्णा

राजाजीनगर, बंगळूर
२० मार्च १९६२

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.

तुझ्या बोअरमधून निघालेल्या दगडाच्या कांड्या मल्हाररावांनी आज तपासल्या. हिरवा पट्टा खालीही नऊ फूट रुंद आहे आणि त्यात टनाला साडेपाच ग्रॅम सोने आहे. साहेबांनी दुसऱ्या बोअरच्या कागदावर सही केली. चुनखडी दुसरे कुणीतरी मोजेल.

तुझ्या त्या वाक्याबद्दल. तुझे दगड मी मल्हाररावांकडे दिले, कारण त्यांत सोने निघायला मला हवे होते. इतके हवे होते की काटा केसभर जास्त दिसला असता तरी मी तो खरा धरला असता. आज ते वजन करत होते तेव्हा मी बाहेर जिन्यात उभी होते. त्यांनी दार उघडून आकडा सांगितला. मी बरे म्हटले आणि हात धुवायला गेले. हात स्वच्छच होते. नळ बराच वेळ चालू ठेवला.

हे आत्याला सांगू नकोस. लोभ होता तसा राहू दे.

तुझी,
शालन