डोलकाठीवर मी, खाली बाबा

सौ. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार, वि. वि. (विनंती पत्राच्या शेवटी आहे, तोवर विशेष वाचून घे.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? गच्चीतल्या कुंड्यांना अजून तूच बादल्या उचलून पाणी घालत असशील तर आधी ते बंद कर. इकडे बाबा आणि मी दोघं खुशाल आहोत, असं मी तुला गेली दीड वर्षं दर फोनला सांगत आले आणि दर वेळी ते निम्मंच खरं होतं. आज मुद्दाम पत्र लिहितेय. फोनवर मी काही सांगायला लागले की तू म्हणतेस, "अगं, पण माझ्याशी तर बाबा ठणठणीत बोलतात!" आणि माझं वाक्य तिथंच बुडतं. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही. (पत्राचा हा मोठाच फायदा होता. आपण उगाच सोडून दिली पत्रं.)

तर झालं असं, की बाबांच्या बोटीच्या डोलकाठीच्या टोकाला जी कप्पी आहे, जिच्यावरून मोठ्या शिडाचा दोर जातो, ती गंजून जाम झाली. शीड अर्ध्यावर जाऊन अडकायचं आणि बोट अशी दिसायची की कुणीतरी चादर वाळत घालून विसरलंय. तीन आठवडे बाबांनी तेल घालू, ठोकू, बघू केलं आणि मग एका सकाळी चहा पिताना जाहीर केलं, की आज मी वर चढून कप्पी बदलणार. वय वर्षं एकोणऐंशी. मी आपलं म्हणून गेले, "राहू द्या बाबा, मी जाते." घरी पाहुणे आल्यावर "राहू दे, मी घासते भांडी" म्हणतो ना, त्याच सुरात म्हटलं होतं गं. समोरच्याने "छे छे, असं कसं" म्हणायचं असतं. बाबा म्हणाले, "बरं झालं, मग तूच जा," आणि पक्कड आणायला उठलेसुद्धा.

मी! जी चष्म्याच्या दुकानात वरच्या फळीवरच्या फ्रेमा काढायला स्टुलावर चढत नाही आणि गिऱ्हाइकाला खालच्याच फ्रेमा कशा शोभतात ते पटवून देते!

वर जायची व्यवस्था तुला समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच लटकलेलं आहे (आणि तिच्यावर मी). झोपाळ्याची असते तशी एक फळी, तिला पट्टे. फळीला बांधलेला दोर वरच्या दुसऱ्या, धडधाकट कप्पीवरून फिरून खाली डेकवरच्या हातरहाटाला येतो. खालच्या माणसाने दांडा फिरवला की फळीवरचं माणूस वर जातं, खालच्याने दोर खुंटीला बांधला की ते तिथंच राहतं, आणि खालच्याने दोर सैल सोडला की उतरतं. फळीवरच्या माणसाच्या हातात काही नसतं. फोनसुद्धा नाही, कारण तो बाबांनी काढून घेतला. वरून पडला तर डेकला खड्डा पडेल म्हणाले. (मी पडले तर डेकचं काय होईल, यावर चर्चा झाली नाही.)

तीन मजल्यांची उंची खालून दीड मजल्याची दिसते आणि वरून सहा मजल्यांची. त्यात खाली वीतभर लाट आली की वर डोलकाठी हातभर झुलते. एक मोटरबोट शेजारून गेली तेव्हा मी काठी दोन्ही हातापायांनी अशी कवटाळली, की लग्नाला बावीस वर्षं झाली तरी यांना, सुट्टीला घरी आले तेव्हाही, कधी असं कवटाळलं नसेल. त्याच वेळी नव्या कप्पीची पिन माझ्या दातात होती. तोंड उघडलं असतं तर पिन पाण्यात, म्हणून मी नाकातून किंचाळले. पलीकडच्या बोटीवर ते निवृत्त दातांचे डॉक्टर असतात ना, त्यांना वाटलं मी मजेत आहे. त्यांनी हात हलवला, फोटो काढला, पुन्हा हात हलवला. वारा उलटा होता, त्यामुळे पुढेही मी जे जे ओरडले ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही आणि ते हात हलवत राहिले.

जुनी पिन निघायला पाऊण तास लागला. नवी कप्पी बसवली, पिन ठोकली, दोर ओवला, आणि ताई, खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला स्वतःचा भयंकर अभिमान वाटला. खाली बघून मी हाक मारली, "बाबा, झालं! उतरवा!"

बाबा केबिनमधून कप घेऊन बाहेर आले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मागे वळून धक्क्याकडे बघितलं. वर बघितलं नाही. मग निवांत बसून चहा प्यायले, कप विसळला, टोपी घातली, पिशवी घेतली आणि धक्क्यावर उतरून पाव आणायला निघाले.

मी जी ओरडले, ती आपण लहानपणी विंचू बघून ओरडलो होतो त्याच्या वरची पट्टी होती. बाबा थांबले. कपाळावर आडवा हात धरून त्यांनी वर बघितलं. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच भांडंच उपडं झालं.

"बाई, जपून हं!" बाबा म्हणाले. "खाली दोरावर तुमचा माणूस आहे ना?"

"बाबा, अहो तुम्हीच आहात!"

"मी नाही हो. मी निघालोय पाव आणायला." आणि मग जरा रागावून, "दोरावर माणूस नसताना वर जायचं नसतं. कुणी शिकवलं तुम्हाला?"

बाई. तुम्हाला. मला, ताई! ज्यांनी मला जन्मभर भिंगरी सोडून दुसऱ्या नावाने हाक मारली नाही, त्यांनी. आजवर चष्मा कुठे ठेवला ते विसरणं झालं, गॅस चालू ठेवणं झालं, आईला जाऊन सहा वर्षं झाली तरी तिच्यासाठी चहाचं आधण जास्त ठेवणं झालं. ते सगळं मी वयावर ढकलत आले. पण ज्या माणसाने गोदीत चाळीस वर्षं क्रेन चालवली आणि माल हवेत सोडून कधी पाणी प्यायला हात सोडला नाही, तो माणूस मला हवेत सोडून पाव आणायला निघाला होता. मी "बाबा, बाबा" करत राहिले आणि ते अवघडल्यासारखे आजूबाजूला बघायला लागले, या बाईचे वडील कुठे आहेत म्हणून.

मग काय सुचलं कोण जाणे. मी डोळे पुसले (एका हाताने, दुसरा सुटायला तयार नव्हता) आणि म्हटलं, "काका, माझा माणूस जरा बाहेर गेलाय हो. मला उतरवायला मदत कराल का?"

बाबांनी पिशवी खाली ठेवली. एका ढांगेत बोटीवर आले. दोर बघितला, खुंटी बघितली, दोराचे वेढे बोटांनी मोजले आणि वर तोंड करून म्हणाले, "घाबरू नका. हलू नका. खाली बघू नका, माझा आवाज ऐका." ताई, तो आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. आणि त्यांनी मला असं उतरवलं, जसा ओट्यावर काठोकाठ भरलेला पेला ठेवावा. धक्का नाही, गचका नाही. वाटेत दर हातभर अंतरावर "शाब्बास, आलातच" म्हणत होते. पाय डेकला लागले आणि माझ्या पट्ट्याचा आकडा सोडता सोडता त्यांनी चेहरा वर केला. "काय भिंगरे, झालं काम? केवढा वेळ लावलास!"

मी "हो" म्हटलं.

दुपारी जेवताना त्यांनी मला एका बाईची हकीकत सांगितली, जी सकाळी डोलकाठीवर एकटीच अडकली होती आणि यांनी तिला सुखरूप उतरवलं. फार रडवेली झाली होती म्हणाले बिचारी. "अशी एकटीला वर सोडतात, घरच्यांना काही वाटत नाही का गं?"

मी म्हटलं, "तिला एक मोठी बहीण आहे बाबा. पण लांब असते."

"मग तिला कळवायला पाहिजे," बाबा म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

म्हणून कळवते आहे. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. कप्पी उत्तम चालते. शीड सर्रकन वर जातं. फक्त खाली येत नाही. बहुधा मी ती उलटी बसवली.

ता. क. २. विनंती ही. वीस तारखेला बाबांना मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. (त्यांना मी कान तपासायचेत असं सांगितलंय.) डॉक्टर जे सांगतील ते ऐकायला मी एकटी बसू शकणार नाही. महिनाभर ये. आठवडाभर ये. बरं, नुसती वीस तारखेला ये, संध्याकाळच्या गाडीने परत जा, मी अडवणार नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार होते, तर बाबा म्हणाले मलाही दोन ओळी लिहायच्यात. कागद त्यांच्याकडे देते. काय लिहिलंय ते मी न बघताच पाठवीन.

चि. मोठीस अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. बोटीची कप्पी बदलायचं काम चालू आहे. धाकटी वर गेली आहे, मी खाली दोरावर आहे, तरी काळजी नसावी. ती उतरली की तुला सविस्तर पत्र लिहायला सांगतो.