तोफखाना विरुद्ध तारकपूर

९ जून २०२५, सोमवार

विषय मंजूर! पीएच.डी.ला नाव घालून चार वर्षं झाली, तीन विषय बदलून झाले, आणि आज माझे गाईड कानिफनाथ सरांनी हातातला चहा संपायच्या आत चौथा ठरवून टाकला. 'नगर शहरातील सिंधी व पद्मशाली समाजांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा तुलनात्मक अभ्यास.' शहराचं नाव नवीन लिहायचं की जुनं, यावर मात्र वीस मिनिटं चर्चा झाली.

सर म्हणाले, "बघा अरुणा मॅडम, दोन्ही समाज बाहेरून आलेले. एक फाळणीत नेसत्या कपड्यांवर आला. दुसरा तेलंगणातून हातमाग घेऊन आला, तोही त्याच्या कितीतरी आधी. आज पहिल्याची दुकानं आहेत, दुसऱ्याच्या बायका अजून विड्या वळतायत. का?" मी त्या दुसऱ्यातलीच. माझ्या अम्मानं विड्या वळून मला एम.ए. केलं. सरांना हे माहीत आहे. "तुम्हाला आतून माहिती मिळेल," असंही म्हणाले. म्हणजे संशोधक मीच आणि नमुनाही मीच – तासिका तत्त्वावर!

मी भीत भीत विचारलं, तुलनेला तिसरा गट घ्यावा का, इथले जमीनवाले? सर तिसगावचे, घरची भरपूर जमीन. हसले. "आमची कसली तुलना? आम्ही इथलेच."

१० जून

अम्माला विषय सांगितला. कात्रीनं तेंदूची पानं कापता कापता म्हणाली, "भायेरून? आमी कुठून आलो भायेरून? माझा जन्म तोफखान्यातला. तुज्या सरांना इचार, ते तिसगावाहून आले न्हाईत का?"

हे प्रबंधात टाकता येत नाही.

१४ जून, शनिवार

मोनिकाला सांगितलं तर इतकी हसली की स्कूटर बाजूला घ्यावी लागली. मोनिका तलरेजा – तारकपूरची सिंधी, कॉलेजात आमच्याच अर्थशास्त्र विभागात, माझ्याच वर्षी लागली, माझ्यासारखीच तासांवर शिकवते. सेट दोघी एकदमच पास झालो. अकरा वर्षं स्कूटर तिची, पेट्रोल माझं. सरांच्या भाषेत ती यशस्वी समाज, मी मागे पडलेला समाज. दोघींचं मानधन दिवाळीनंतरच येतं, तेही एकाच दिवशी.

तिनंच डोकं चालवलं. "तुझ्या गल्लीत तू गेलीस तर कोणी खरं सांगेल का? नरसम्माची पोरगी आली म्हणून चहा पाजतील आणि तुझ्या लग्नाचं विचारतील. अदलाबदल करू. तोफखान्यात मी जाते, तारकपूरला तू जा." पटलं. परकं माणूस म्हटलं की लोक खरं बोलतात, असं आमच्या पद्धतिशास्त्राच्या पुस्तकातही आहे.

२२ जून, रविवार

तारकपूर. सतरा घरं, सतरा पापड! दारात पाऊल टाकलं की आधी पाणी आणि भाजलेला पापड, मग बोलणं. संध्याकाळी घरी येऊन ताक प्यायले तेव्हा कुठे जीव थंड झाला.

माणसं मात्र बोलकी. धंदा कसा आहे? – "एकदम बढिया." मंदीचा फटका? – "आपल्याला नाही मॅडम, वरच्याची कृपा." मुलगा काय करतो? – "दुसरी ब्रँच काढतोय." सतराच्या सतरा घरं सुखात. एका काकांच्या घरात पंखा कुरकुरत होता, भिंतीला ओल होती, तरी दुसरी ब्रँच होतीच. मी फॉर्मवर टिक करत गेले आणि मनात म्हटलं, आपल्या लोकांना हे कधी जमणार?

२९ जून, रविवार

मोनिका तोफखान्यातून परत आली ती रडवेली होऊन. "अरू, तुमच्याकडे इतकी वाईट परिस्थिती आहे? तू कधी बोलली नाहीस!" कोणाचा मुलगा बघत नाही, कोणाचं छप्पर गळतं, कोणाला दोन महिने काम नाही. आणि 'व्यवसाय' या रकान्यात निम्म्याहून जास्त बायकांनी 'काही नाही, घरीच असते' असं लिहायला लावलं. मोनिका म्हणाली, "मांडीवर सूप, हातात विडी, आणि म्हणतात काही करत नाही. मी काय लिहू?"

मी म्हटलं, सांगतील ते लिही. आपण मध्ये पडायचं नाही. शास्त्र आहे.

३ जुलै

जाहिरात आली!! कॉलेजात अर्थशास्त्राची कायम जागा. एक. खुल्या प्रवर्गातून. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी नेहमीसारखी स्कूटरवर मागे बसले. दिल्ली गेटला मोनिका म्हणाली, "तू भरणार ना फॉर्म?" मी म्हटलं, "तू?" मग दोघी हसलो. जरा जास्तच.

१२ जुलै, शनिवार

एक घर सोडलं तर दोनशेही फॉर्म भरून झाले. कोष्टकं काढली. तारकपूर: समाधानी ९१ टक्के. तोफखाना: समाधानी ७ टक्के. सर खुर्चीतून उठलेच. "मी म्हटलं नव्हतं? रक्तात असतो धंदा! तुमच्या लोकांत काटकसर आहे, कष्ट आहेत, पण ती हिंमत नाही." माझ्याकडे बघून घाईघाईनं म्हणाले, "अपवाद असतात."

सप्टेंबरच्या चर्चासत्रात हेच मांडायचं. पत्रिकेत शीर्षकही छापायला गेलं – 'उद्यमशीलतेचा वारसा'. राग यायला हवा होता. पण तक्ते इतके सुबक आले होते की मलाही सरांचं पटायला लागलं होतं. संध्याकाळी अम्माच्या हातचं खाताना तिच्याकडे उगाच कीव आल्यासारखी बघत बसले. ती म्हणाली, "काय झालं? मीठ जास्त झालं का?"

२० जुलै, रविवार

तारकपूरचं एक घर राहिलं होतं, मोनिकाचं. ती टाळत होती – "आमचं काय, तुला माहितीच आहे." शेवटी न सांगता गेले. मोनिका घरी नव्हती. तिच्या आईचा, आंटींचा, चालिहोचा चाळीस दिवसांचा उपवास चालू होता, तरी मला पापड आलाच. तिच्या पप्पांनी, लछमनदास अंकलनी, फॉर्म स्वतःच ओढून घेतला आणि चष्मा लावून स्वतःच्या हातानं भरला. कापड बाजारातलं दुकान – स्वतःचं. नोकर – चार. धंदा – उत्तम. मुलीच्या नोकरीची घरास गरज – नाही, 'शौकासाठी करते.' खाली झोकात सही.

मनात आलं – शौकासाठी! मग आमच्यासारख्यांच्या पोटावर कशाला येते ही?

असं मनात आलं, ते इथे लिहून ठेवते. लाज वाटली, हेही लिहून ठेवते.

२७ जुलै, रविवार

मुलाखतीला साडी घ्यावी म्हणून कापड बाजारात गेले. म्हटलं, अंकलच्याच दुकानातून घेऊ, भाव बरा लावतील. दुकानच नाही! त्या जागी मोबाईलची कव्हरं लटकतायत. पोऱ्या म्हणाला, दिवाळीपासून आम्हीच इथं.

पुढे चौथ्या-पाचव्या दुकानात शिरले, तर गादीवर पाय दुमडून, गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडत बसलेले अंकल! मला बघून हात थांबला. मग लगेच हसले. "ये ये बेटा. भाच्याचं दुकान आहे, गर्दी आहे म्हणून मदतीला बसलोय." मागून मालक ओरडला, "ओ तलरेजा, ती निळी थप्पी काढा." भाचा मामाला आडनावानं हाक मारत नाही. मी पहिलीच साडी उचलली आणि निघाले.

संध्याकाळी मोनिका घरी आली, जिन्यातच उभी राहिली. "पप्पांनी फोन केला. तुला कळलं ना?" मग सगळं सांगितलं. दुकान बुडालं. घर तिच्या तासांवर आणि दोन शिकवण्यांवर चालतं. "मग फॉर्मवर असं का लिहिलं?" असं मी विचारलं. माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. "आमच्यात धंदा बसला असं तोंडानं म्हणत नाहीत, अरू. एकदा म्हटलं की उद्या कोणी माल देत नाही, परवा कोणी मुलगी करत नाही. पप्पा अजून परत उभं राहायचं म्हणतात." जाताना माझा हात धरला. "ही जागा मला हवी आहे. तुलाही हवी आहे, माहितीय. पण दुकानाचं कोणाला बोलू नकोस. शप्पथ." घेतली शपथ.

२८ जुलै

झोप नीट झाली नाही. सकाळी उठून अम्माचा फॉर्म काढला, मोनिकानं भरलेला. इतके दिवस वाचलाच नव्हता. घर: भाड्याचं. (स्वतःचं आहे!) मालमत्ता: नाही. (केडगावचा प्लॉट??) मुलगा: विचारत नाही. (श्रीनिवास दर महिन्याला पुण्याहून सामान भरून देतो, गेल्याच आठवड्यात मिक्सर आणला.) मुलगी: शिकली, पण काही उपयोग नाही. हे शेवटचं बहुतेक मनापासून.

फॉर्म तिच्यापुढे धरला. जराही डगमगली नाही. "कागदवाल्या बाईला खरं सांगत्यात व्हय? प्लॉट हाय म्हनलं तर रेशन कार्ड जातं. न्हाई म्हनलं तर येकादं घरकुल तरी येईल." "अगं, ती मोनिका होती! डबा खाते आपल्याकडे!" "मोनिका व्हती, पन कागद घेऊन आल्ती ना?"

तासभर हसत होते. हसता हसता थांबले.

३० जुलै

एकीकडे कागद दिसला की सगळं आहे म्हणायचं, दुसरीकडे कागद दिसला की काही नाही म्हणायचं. दोनशे घरं हिंडून मी एवढंच मोजलं. सरांना जाऊन सांगितलं – मोनिकाचं नाव न घेता, अम्माचं नाव घेऊन. सरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "निरीक्षण चांगलं आहे. तळटीप टाका."

"सर, पण मग मुख्य निष्कर्षच..."

"पत्रिका छापून झाली, मॅडम. आणि मुलाखत तोंडावर आहे. समितीत मी आहे. आत्ता प्रबंध चुकला म्हणून सांगत फिरू नका."

तळटीप टाकली. बारीक अक्षरात.

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

आमच्या समाजाच्या मार्कंडेयांचा रथ निघाला. मोनिका दरवर्षीसारखी बघायला आली, श्रीनिवासला राखी बांधली. अम्मानं तिला जवळ बसवून वाढलं. मुलाखतीचा विषय कोणीच काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

२१ ऑगस्ट

उद्या मुलाखत. मोनिकाचा फोन – "कोणालाही मिळो, आपल्यातच राहील ना? तिसऱ्याला गेली तर मात्र दोघींनी मिळून सरांच्या घरासमोर बसायचं." मी हसले. तिच्यासारखं मोकळं बोलता आलं नाही मला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आधी तिला बोलावलं, मग मला. बाहेर आली तेव्हा घाम पुसत होती. "संस्थेच्या अध्यक्षांनी दुकानाचं विचारलं. मी सांगितलं, छान चाललंय. दुसरं काय सांगणार? घाऊक माल देणाऱ्या व्यापाऱ्यांत त्यांची रोजची उठबस."

माझी बरी झाली. आज जास्त लिहिवत नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

माझी निवड झाली!!! कायम! अम्मानं सूप बाजूला ठेवलं, गल्लीभर पेढे वाटले, आणि जो भेटेल त्याला सांगत सुटली – "न्हाई हो, पगार लई न्हाई." सर म्हणाले, "बिडी कामगाराची मुलगी प्राध्यापक झाली, हे मी चर्चासत्रात सांगणार." मोनिका आली. घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "तुझीच होती गं ती, तुला जास्त गरज होती." स्कूटरवर सोडू का विचारलं. मी म्हटलं, नको, चालत जाते.

३१ ऑगस्ट

बावीस तारखेचं लिहायचं राहिलं.

शेवटी अध्यक्ष म्हणाले होते, "दोघी तुम्ही सारख्याच. मग गरज कोणाला जास्त, एवढंच बघायचं. तलरेजा मॅडमच्या घरचं तुम्हाला माहीत असेल – तुमचा तर अभ्यासच आहे." सर माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "त्यांना नोकरीची गरज नाही, सर." आणि पिशवीतून अंकलच्या सहीचा फॉर्म काढून टेबलावर ठेवला. कोणी मागितला नव्हता. घरून निघतानाच मी तो घेतला होता.