पोटात ठेवलेलं

प्रिय धाकट्या,

पत्र पाहून दचकू नकोस. तुमच्या छापखान्यात फोन कपाटात ठेवूनच आत जावं लागतं, म्हणून हे वॉचमनच्या हाती पाठवतेय. शिवाय समोरासमोर बोलायला गेले तर मी रडेन आणि तू मलाच पाणी देत बसशील.

टिल्लूला जाऊन सात महिने झाले. पोरगा ताडमाड वाढला, तरी घरात टिल्लूच राहिला. अजून सकाळी मी चार डबे काढते आणि एक परत ठेवते. त्याच्या खोलीचं दार लावलं तरी चैन पडत नाही, उघडं ठेवलं तरी नाही. लोक विचारतात, पंधरा वर्षांच्या मुलाने जीव द्यावा असं झालं तरी काय? मीही ते एक कारण शोधत बसले होते.

विश्वासाने सांगितलेलं पोटात ठेवावं, ही आपल्या आईची शिकवण. लहानपणी तुझ्या तोंडात तीळ भिजायचा नाही, त्यापायी किती धपाटे खाल्लेस. मोठेपणी तूही शहाणा झालास. नव्या शाळेत शेजारी कुणी बसत नाही, हे टिल्लूने मला सांगितलं होतं. नापास झाल्याचं त्याच्या बाबांना. जिवलग मित्राने त्याचे मेसेज वर्गभर फिरवले, ते त्याच्या मोठ्या बहिणीला. आणि महिनाभर झोप नाही, हे तुला. प्रत्येकाला शपथ घातली आणि आपण चौघांनी ती इमानाने पाळली. तो गेल्यावर जेवणाच्या टेबलाशी बसून एकेक सांगत गेलो, तेव्हा कळलं त्या जिवावर काय काय होतं. समुपदेशक बाई म्हणाल्या, दोष कुणा एकाचा नाही. पटतं, पण रोज नाही.

आज तुझी लेक शाळेत न जाता माझ्याकडे आली. तू आणि वहिनी वेगळे झाल्यापासून गप्प गप्पच होती. म्हणाली, आत्या, मला जगावंसं वाटत नाही, पण बाबांना सांगू नकोस. मी तिला जवळ घेतलं आणि तोंडावर सांगितलं, सांगणार. खूप चिडली माझ्यावर. आता हे तिच्याजवळ बसलेत, क्षणभरही एकटी सोडणार नाहीत. वहिनी निघाली आहे. पाच वाजता डॉक्टरांकडे जायचंय. मी गेटबाहेर उभी आहे. मशीन कुणाच्या तरी हवाली कर आणि ये. तिला रागावू नकोस. आणि तिने तुलाही काही सांगून शपथ घातली असेल, तर ती मोडूनच बाहेर ये.

तुझीच,
ताई